नोंदीबाहेरचा शृंगार : ‘स्टारगेट एसजी-१’मधील एका प्रेमकथेचे निराकरण

१

दीर्घ कथनात प्रेमकथा लांबवणे सोपे असते. ती संपवणे अवघड असते. कादंबरीकाराला निदान शेवटचे पान कोठे येणार हे ठाऊक असते. दूरदर्शन मालिकेच्या कर्त्यांना तेही ठाऊक नसते. पुढचे पर्व मिळेल की नाही याची खात्री नसताना प्रत्येक पर्वाअखेर शेवट सुचवायचा आणि पुढचे पर्व मिळाल्यावर तो मागे घ्यायचा, ही या कथनप्रकाराची मूलभूत अट आहे. या अटीखाली आठ-दहा वर्षे रेंगाळलेल्या प्रेमकथेचे निराकरण कोणत्या अर्थाने ‘निराकरण’ ठरते, हा प्रश्न रूपाच्या बरोबरीने मूल्यांचाही आहे. ‘स्टारगेट एसजी-१’ या विज्ञानमालिकेतील जॅक ओनील आणि सामंथा कार्टर यांची कथा या प्रश्नाचा विचार करण्यासाठी विशेष उपयुक्त ठरते.

१९९४ च्या ‘स्टारगेट’ या चित्रपटावरून ब्रॅड राइट आणि जोनाथन ग्लासनर यांनी ही मालिका सिद्ध केली. जुलै १९९७ मध्ये तिचे प्रसारण सुरू झाले. पहिली पाच पर्वे ‘शोटाइम’ या वाहिनीवर, तर २००२ पासून पुढची पाच ‘साय-फाय’ वाहिनीवर झाली. २००७ मध्ये ती संपली तेव्हा तिचे २१४ भाग झाले होते. अन्य ग्रहांवर क्षणार्धात नेणारे एक प्राचीन वर्तुळाकार द्वार अमेरिकेच्या हवाई दलाच्या ताब्यात आहे आणि चौघांची एक तुकडी त्यातून मोहिमांवर जाते, ही तिची चौकट. ओनील हा तुकडीचा प्रमुख, कर्नल. कार्टर ही त्याच्या हाताखालची अधिकारी आणि खगोलभौतिकीची विदुषी. आरंभी कॅप्टन, तिसऱ्या पर्वात मेजर, आठव्या पर्वात लेफ्टनंट कर्नल. दोघांत आकर्षण आहे हे प्रेक्षकाला लवकर कळते, दोघांनाही कळते, आणि तरीही मालिकेच्या मुख्य विश्वात त्यांचे मीलन एकदाही निःसंदिग्धपणे दाखवले जात नाही.

या न दाखवण्याकडे बहुधा दोन दृष्टींनी पाहिले जाते. एका मते ती कर्त्यांची व्यावसायिक भीती होय: नायक-नायिका एकत्र आले की मालिकेतला ताण संपतो, या रूढ समजुतीचा तो परिणाम. दुसऱ्या मते तो संयम होय, आणि संयम हे कलेचे भूषण. दोन्ही मते कारणाविषयी किंवा गुणाविषयी बोलतात. प्रत्यक्ष रचनेविषयी मौन पाळतात. मीलन कोठे घडते आणि कोठे घडत नाही, याची काटेकोर तपासणी केली तर या दोन्ही मतांना अपुरे ठरवणारी एक संगती हाती लागते.

२

प्रथम अडथळ्याचे स्वरूप पाहिले पाहिजे. मालिकेत तो ‘नियम’ या एकाच शब्दाने सूचित होतो. अमेरिकेच्या लष्करी न्यायसंहितेखाली ‘फ्रॅटर्नायझेशन’ म्हणून ओळखला जाणारा अपराध मुख्यतः अधिकारी आणि बिगर-अधिकारी सैनिक यांच्यातील सलगीविषयी आहे. ओनील आणि कार्टर दोघेही अधिकारी आहेत. त्यांच्या संबंधाला आड येते ती वरिष्ठ-कनिष्ठ ही स्थिती, एकाच आदेशशृंखलेत असणे. ज्याच्या आदेशावर दुसऱ्याने प्राण धोक्यात घालायचे, त्याच्या निर्णयात पक्षपात शिरू नये, हे या निर्बंधाचे समर्थन आहे. म्हणजे हा अडथळा निव्वळ रूढीचा नाही, त्यामागे विचार आहे. आणि मालिका तो विचार गंभीरपणे घेते. ‘एंटिटी’ या चौथ्या पर्वातील भागात परकीय अस्तित्वाने झपाटलेल्या कार्टरवर ओनीलला स्वतः शस्त्र चालवावे लागते. ‘डिव्हाइड अँड काँकर’च्या शेवटी ज्याच्याविषयी तिला जिव्हाळा आहे त्या मार्तूफवर कार्टरला शस्त्र चालवावे लागते. प्रेम आणि आदेश एकाच हातात आले तर काय होते, याचा हा कठोर पडताळा आहे.

या नियमाला त्या काळात एक सामाजिक संदर्भही होता. अमेरिकेत स्त्रियांना लढाऊ विमाने चालवण्याची मुभा १९९३ मध्ये मिळाली. मालिका सुरू होण्यापूर्वी दोनच महिने, मे १९९७ मध्ये, बी-५२ या बॉम्बफेकी विमानाची पहिली स्त्री वैमानिक केली फ्लिन हिला खासगी संबंध, आदेशभंग आणि खोटे विधान अशा आरोपांच्या पार्श्वभूमीवर हवाई दलाची सेवा सोडावी लागली होती आणि त्या प्रकरणाची देशभर चर्चा झाली होती. गणवेशातील स्त्रीच्या खासगी आयुष्याची किंमत कोण मोजते, हा प्रश्न त्यामुळे हवेत होताच. मालिकेच्या निर्मितीला हवाई दलाचे सहकार्य होते. दलाचे दोन प्रमुख, मायकेल रायन आणि जॉन जंपर, वेगवेगळ्या भागांत स्वतःच्याच भूमिकेत दिसले. अशा संहितेत नियमभंगाला सहानुभूती मिळणे अवघड होते. परंतु एवढ्यावरून मालिकेला दलाची प्रचारपुस्तिका म्हणणे उतावळेपणाचे ठरेल. कारण नियम न मोडताही त्याच्याभोवती किती आडवाटा काढता येतात, हाच तिच्या कथनाचा खरा उद्योग आहे.

भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत हा सारा विस्तार विप्रलंभ शृंगाराचा आहे. मम्मटाने विप्रलंभाची पाच कारणे सांगितली: अभिलाष, विरह, ईर्ष्या, प्रवास आणि शाप. ओनील-कार्टर कथेत अभिलाष आहे, पुढे ईर्ष्येच्या छटाही येतात. पण तिचे मुख्य कारण वरकरणी शापाच्या जवळचे वाटते: बाहेरच्या सत्तेने घातलेला, प्रेमिकांच्या इच्छेने न टळणारा निर्बंध. हे साम्य मात्र लवकरच तुटते. शापाला मुदत असते. या नियमाला नाही. शापित माणूस शाप भोगतो, त्याचे रक्षण करत नाही; येथे प्रेमिकच नियमाचे रक्षक आहेत. मेघदूतातील यक्ष स्वतःच्या कर्तव्यात चुकला म्हणून स्वामीने त्याला वर्षभराचा वियोग दिला. येथे क्रम उलटा आहे: कर्तव्यात चूक होऊ नये म्हणून वियोग आधीच पत्करला आहे. तेव्हा या विप्रलंभाचे कारण ‘सेवा’ असे वेगळेच नोंदवावे लागेल. त्यात वियोग सोसायचा असतो तोही रोज एकमेकांसमोर उभे राहून.

३

सेवेने बंद केलेले दार विज्ञानकथा उघडते. डार्को सुविन यांनी १९७९ मध्ये विज्ञानसाहित्याची व्याख्या करताना वास्तवापासून बोधयुक्त दुरावा निर्माण करणाऱ्या एखाद्या नव्या कल्पित तत्त्वाला केंद्रस्थान दिले. समांतर विश्वे, कालचक्र, स्मृतिलोप, परकीय यंत्रे ही या मालिकेतील अशी तत्त्वे. त्यांचे घोषित कार्य साहसाचे आहे. अघोषित कार्य प्रेमकथेचे आहे.

पहिल्या पर्वातील ‘द ब्रोका डिव्हाइड’मध्ये माणसाला आदिम अवस्थेत नेणाऱ्या संसर्गाखाली कार्टर ओनीलवर झेपावते, संसर्ग उतरल्यावर घटना आजाराच्या खात्यात जमा होते. चौथ्या पर्वातील ‘बिनीथ द सर्फेस’मध्ये दोघांची स्मृती पुसून त्यांना भूमिगत कामगार बनवले जाते; हुद्दा विसरल्यावर जवळीक आपोआप येते आणि स्मृती परतताच ‘सर’ हे संबोधनही परतते. त्याच पर्वातील ‘विंडो ऑफ ऑपॉर्च्युनिटी’ (२०००) या भागात तोच तो दिवस पुन्हा पुन्हा येतो. त्या आवर्तनांतील एका फेरीत ओनील आपला राजीनामा जनरल हॅमंडच्या हाती देतो आणि कार्टरचे चुंबन घेतो. दिवस पुन्हा सुरू होतो, राजीनामा नाहीसा होतो, कार्टरला काहीच आठवत नाही. सातव्या पर्वातील ‘ग्रेस’मध्ये जखमी कार्टर एकटी अंतराळयानात अडकली असताना जो ओनील तिच्याशी बोलतो तो तिच्याच मनाचा भास आहे.

या सर्व प्रसंगांत एक समान सूत्र आहे. घटना घडते, पण तिची नोंद राहत नाही. लष्करी संस्था नोंदींवर चालते. प्रत्येक मोहिमेचा अहवाल असतो. या संहितेत प्रेम नेमके त्या जागी उच्चारले जाते जेथे अहवाल लिहिणारा नाही, किंवा अहवालच पुसला जाणार आहे.

नोंद राहू शकेल असा एकच मोठा प्रसंग आहे, आणि म्हणूनच तो या कथेचा कणा ठरतो. ‘डिव्हाइड अँड काँकर’मध्ये (२०००) नकळत मारेकरी बनवलेल्या व्यक्ती ओळखणारे परकीय यंत्र ओनील आणि कार्टर या दोघांनाही खोटे ठरवते. मागील एका मोहिमेत ऊर्जाभिंतीपलीकडे अडकलेल्या कार्टरला सोडून जायला ओनीलने नकार दिला होता. त्या क्षणाची हकिगत सांगताना दोघांनी काहीतरी वगळले, एवढेच यंत्राला कळते. निर्दोष ठरायचे तर वगळलेले सांगावे लागते. मग परवानगीच्या मर्यादेपलीकडची ती आस्था साक्ष दिल्यासारख्या कोरड्या भाषेत, साक्षीदारांसमोर, यंत्राला जोडलेल्या अवस्थेत उच्चारली जाते. शृंगाराच्या परंपरेत दूती असते, सखी असते. येथे ती भूमिका सत्यशोधक यंत्राकडे आली आहे. आणि उच्चार होताच दोघे संगनमताने ठरवतात की ही गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही. नोंद झाली, आणि लगेच गोपनीय ठरली.

रोलां बार्थ यांनी ‘एस/झेड’ (१९७०) या ग्रंथात कथनातील रहस्य कसे लांबवले जाते याची साधने सांगितली: फसवे सूचन, संदिग्धता, अर्धवट उत्तर, स्थगित उत्तर, कोंडी. वरील भाग या साधनांच्या चौकटीत सहज बसवता येतात. तथापि बार्थ यांच्या योजनेत सत्य शेवटी उघड व्हायचे असते. विलंबाचे सारे मोल त्या प्रकटीकरणावर उभे असते. येथे सत्य चौथ्या पर्वातच उघड झाले आहे. त्यानंतरची चार पर्वे विलंब कशाचा करतात? माहितीचा नव्हे, निर्णयाचा. कथेचा प्रश्न ‘प्रेम आहे काय?’ हा राहत नाही. ‘त्यासाठी कोण काय सोडणार?’ हा होतो.

४

या प्रश्नाच्या प्रकाशात समांतर विश्वांचे भाग पुन्हा पाहण्याजोगे आहेत. पहिल्या पर्वातील ‘देअर बट फॉर द ग्रेस ऑफ गॉड’मध्ये डॅनियल जॅक्सन दुसऱ्या वास्तवात पोचतो. तेथे ओनील आणि कार्टर यांचा विवाह ठरलेला आहे. तिसऱ्या पर्वातील ‘पॉइंट ऑफ व्ह्यू’मध्ये दुसऱ्या एका वास्तवातील कार्टर मुख्य विश्वात येते, ती तेथील ओनीलची विधवा आहे. आठव्या पर्वाअखेरच्या ‘मोबियस’मध्ये (२००५) बदललेल्या इतिहासातील ओनील आणि कार्टर एकमेकांच्या जवळ येतात आणि चुंबनापर्यंत पोचतात. तिन्ही ठिकाणी कार्टर गणवेशात नाही. पहिल्या दोन विश्वांत ती कधी सैन्यात गेलीच नाही. तिसऱ्यात ती बुद्धी असूनही दबलेली, कारकुनी कामात अडकलेली शास्त्रज्ञ आहे. तिन्ही विश्वांत ती ‘डॉक्टर कार्टर’ आहे.

ही योगायोगाची बाब मानता येत नाही, कारण मालिकेने पहिल्याच भागात तिच्या संबोधनाचा प्रश्न उभा केला आहे. पहिल्या भेटीतच कार्टर ‘डॉक्टर’ ही उपाधी बाजूला सारते आणि आपल्याला हुद्द्याने, ‘कॅप्टन’ म्हणून, संबोधावे असा आग्रह धरते. त्या प्रसंगावर बोलभांड घोषणाबाजीचा आरोप करता येईल. पण त्यातला मुद्दा पुढे संरचनेत उतरतो. जी उपाधी तिने नाकारली ती धारण करणाऱ्या कार्टरलाच मीलन लाभते. समांतर विश्वे जणू एकच समीकरण पुन्हा पुन्हा सोडवून दाखवतात: मीलनाची किंमत म्हणजे स्त्रीचा हुद्दा. आणि प्रत्येक वेळी किंमत तिच्याच बाजूने वसूल होते. पहिल्या दोन विश्वांतील ओनील सैन्यात आहे.

मुख्य विश्वातील कार्टर ही किंमत देत नाही. ती मेजर होते, लेफ्टनंट कर्नल होते, आठव्या पर्वात तुकडीचे नेतृत्व करते. पुढे ‘स्टारगेट अटलांटिस’च्या चौथ्या पर्वात (२००७-०८) कर्नल म्हणून संपूर्ण मोहिमेची प्रमुख होते, आणि २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टारगेट युनिव्हर्स’मध्ये एका अंतराळयुद्धनौकेची कप्तान म्हणून दिसते. या चढणीकडे पाहिले म्हणजे मुख्य विश्वातील अपूर्णतेचा अर्थ पालटतो. प्रेक्षकाला जी उणीव वाटते ती कार्टरच्या दृष्टीने एका नकाराची दुसरी बाजू आहे. समांतर विश्वांनी देऊ केलेला व्यवहार तिने स्वीकारलेला नाही. तिचे प्रेम जेथे प्रकट होते तेथेही ते कामाच्या रूपात येते: तिसऱ्या पर्वातील ‘अ हंड्रेड डेज’मध्ये दूरच्या ग्रहावर अडकलेल्या ओनीलला परत आणण्यासाठी ती तीन महिने झिजते, आणि परतल्यावर तिला दिसतो तो तेथे दुसऱ्या स्त्रीबरोबर रुळलेला ओनील. त्या क्षणी ती काही बोलत नाही. या मौनाला संयम म्हणणे सोपे आहे. पण तो संयम एकाच बाजूने पाळला जात आहे, ही गोष्ट त्या कौतुकात हरवते.

५

निराकरणाचा प्रत्यक्ष प्रयत्न आठव्या पर्वातील ‘थ्रेड्स’ (२००५) या भागात होतो. तोवर कार्टरने पीट शॅनहन या पोलीस अधिकाऱ्याशी विवाह ठरवला आहे. ओनील केरी जॉन्सन या गुप्तहेर खात्यातील स्त्रीबरोबर आहे. पारंपरिक प्रेमकथेत अशी पात्रे अडथळा म्हणून येतात आणि दूर केली जातात. येथे ती दूर होतात खरी, पण जाताना कथेतील सबबी उघड्या पाडून जातात. कार्टर ओनीलच्या घरी मनातले सांगायला जाते आणि वाक्य पुरे होण्याआधी केरी घरातून बाहेर येते. वाक्य अर्धेच राहते. मृत्युशय्येवरील पिता जेकब तिला नियमांना आपल्या सुखाच्या आड येऊ देऊ नकोस असे सुचवतो. नव्या घरासमोर उभे राहून ती पीटला नकार देते. आणि केरी ओनीलला सोडून जाताना निवृत्तीचा मार्ग त्याच्यापुढे ठेवते.

केरीच्या सूचनेचे महत्त्व पुरेसे लक्षात घेतले गेलेले नाही. याच पर्वाच्या आरंभी या तळाची प्रमुख डॉ. एलिझाबेथ वेअर ही नागरी व्यक्ती होती. म्हणजे गणवेश उतरवूनही ओनीलचे काम चालू राहू शकते, हे संहितेनेच सिद्ध केले आहे. अडथळ्याला दार होते, आणि त्याची किल्ली कार्टरच्या हाती नव्हती. ती ओनीलच्या हाती होती. पाच वर्षांपूर्वी कालचक्रात त्याने राजीनामा दिला होता. पण तो अशा दिवशी, ज्याचा उद्या येणारच नव्हता. मुख्य विश्वात, जेथे राजीनाम्याची नोंद राहिली असती, तेथे तो दिला जात नाही. नवव्या पर्वापासून ओनील वॉशिंग्टनला अधिक मोठ्या पदावर जातो. आदेशशृंखला त्यामुळे लांबते, तुटत नाही.

मालिकेच्या बाजूने सर्वांत प्रबळ युक्तिवाद मासेमारीच्या आवर्ती प्रतिमेचा आहे. तिसऱ्या पर्वाअखेरच्या ‘नेमेसिस’मध्ये ओनील कार्टरला मिनेसोटातील आपल्या घरी मासेमारीला येण्याचे आमंत्रण देतो, ती नाकारते. आठव्या पर्वाच्या अखेरीस ती तेथे आलेली आहे. ‘मोबियस’च्या शेवटी चौघे सहकारी तळ्याकाठी बसलेले दिसतात. काळात मागे गेलेल्या चमूने ठेवलेल्या ध्वनिचित्रफितीत इतिहास बिघडला की नाही हे तपासण्याची खूण दिली होती: ओनीलच्या तळ्यात मासे नाहीत. आता त्याच तळ्यात एक मासा उडी मारतो. इतिहास जवळजवळ पूर्वीसारखाच झाला, पण अगदी पूर्वीसारखा नाही. हे दृश्य मीलनाचे सूचन म्हणून वाचता येते, आणि ते सुंदर आहे यात शंका नाही. पण त्याच्या सौंदर्यातच एक कबुली आहे. ज्या विश्वात आमंत्रण शेवटी स्वीकारले गेले आणि तळ्यात मासा आला, ते विश्व आठ वर्षे पाहिलेल्या विश्वाशी तंतोतंत एकरूप नाही. मुख्य विश्वातील सुखालाही मालिका समांतरतेची झालर लावून ठेवते. नंतर, दोनशेव्या भागात (२००६), या दोघांचा विवाह दाखवला जातो तो एका काल्पनिक चित्रपटाच्या विडंबनात्मक प्रस्तावात. २००८ चे दोन्ही चित्रपटही या विषयावर मौन पाळतात.

६

तेव्हा या निराकरणाचे मूल्यमापन एका शब्दात करता येत नाही. व्यावसायिक सावधगिरी हे त्याचे कारण असू शकेल. परंतु कारण कळल्याने अर्थ संपत नाही. मालिकेने नायिकेचा हुद्दा प्रेमाच्या बदल्यात काढून घेतला नाही, ही तिची सचोटी आहे. ज्या काळात गणवेशातील स्त्रीच्या खासगी आयुष्याचा हिशेब जाहीरपणे मागितला जात होता त्या काळात ही सचोटी क्षुल्लक नव्हती. त्याच वेळी, नायकाकडे तीच किंमत मागण्याचे धैर्य मालिकेला झाले नाही, ही तिची उणीव आहे. तिने ती मागितली ती फक्त अशा दिवशी, जो पुसला जाणार होता. किंमत कोणीच न दिल्यामुळे मीलन अनुच्चारित राहिले, आणि त्या अनुच्चाराचा भार पुन्हा कार्टरच्या अर्ध्या वाक्यावर पडला.

विज्ञानकथेच्या समीक्षेला येथून एक सूत्र घेता येईल. समांतर विश्व हे केवळ कल्पनाविलासाचे साधन नसते. मुख्य विश्व ज्या व्यवहाराचा उच्चार करू शकत नाही त्याचे दर तेथे उघडपणे लावलेले असतात. ओनील-कार्टर कथेत हे दर तीनदा जाहीर झाले, आणि तिन्ही वेळा एकाच पात्राच्या नावावर लागले. मुख्य विश्वाने ते नाकारले. पण नवे दर ठरवले नाहीत. तळ्यातला मासा म्हणूनच लक्षात राहतो: तो दिसतो, पण कोणाच्या गळाला लागलेला नसतो.